खाण सर्वेक्षकाचा पगार नेमका कशावर ठरतो?

प्रश्न : रेखांश

नमस्कार. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी गेली सहा वर्षे रस्ते आणि धरणांच्या कामांवर सर्वेक्षक म्हणून काम करतो आहे. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र), जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान ठरवणे) आणि लेव्हलिंग (उंचीतला फरक मोजणे) यांवर हात बसला आहे आणि ड्रोनच्या छायाचित्रांवरून पृष्ठभागाचे मॉडेल तयार करण्याचे कामही मी स्वतः करतो. आता खाणकामाकडे वळावे असे मनात आहे आणि त्यासाठी माझ्यापुढे दोन प्रस्ताव आले आहेत. पहिला एका उघड्या खाणीतला, खाण चालवणाऱ्या कंपनीच्याच कायम सेवेतला, सहायक सर्वेक्षकाच्या पदाचा आहे. तेथे आठवड्याला पाच दिवस आणि दिवसाला आठ तास काम आहे. दुसरा भूमिगत खाणीत काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा आहे; तेथे सलग चौदा दिवस बारा तासांची पाळी, मग सात दिवस सुटी, आणि पाळीच्या काळात राहणे-जेवण खाणीच्या वसाहतीत. दुसऱ्या प्रस्तावातला वर्षाचा एकूण आकडा पहिल्यापेक्षा पस्तीस टक्क्यांनी मोठा आहे.

माझी अडचण अशी की खाण सर्वेक्षकांच्या पगाराविषयी जेथे जेथे वाचले, तेथे एकाच पदनावाखाली दुपटी-तिपटीचा फरक दिसला. अनुभव, शिक्षण आणि ठिकाण ही कारणे सगळीकडे सांगितलेली असतात, पण त्यांपैकी कोणते कारण पगाराला किती ओढते आणि माझ्यासारख्या बाहेरून येणाऱ्याने कशाकडे आधी पाहावे, हे कोठेच उलगडून सांगितलेले नाही. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद : ओळंबा

रेखांश, मी बावीस वर्षे भूमिगत खाणींत सर्वेक्षण केले आहे आणि सध्या एका धातूच्या खाणीचा सर्वेक्षण विभाग सांभाळतो. तुमच्या दोन आकड्यांपासूनच सुरुवात करू, कारण फसगत बहुधा तेथेच होते. चौदा दिवस काम आणि सात दिवस सुटी या चक्रात वर्षाला सुमारे २४३ दिवस कामाचे येतात. त्यांना बारांनी गुणले की २,९२० तास होतात. पाच दिवसांच्या आठवड्यात २६० दिवस, म्हणजे २,०८० तास. दोन्हींतून रजा वजा केलेल्या नाहीत, पण तुलनेपुरते एवढे चालेल. तास चाळीस टक्क्यांनी वाढतात आणि पैसे पस्तीस टक्क्यांनी, म्हणजे तासाचा दर पाहिला तर दुसरा प्रस्ताव पहिल्यापेक्षा थोडा कमीच आहे, आणि तोही जमिनीखालच्या कामासाठी. हेच चक्र आठ दिवस काम आणि सहा दिवस सुटी असे असते, तर तास सुमारे २,५०० भरले असते आणि पस्तीस टक्के ही खरोखरीची वाढ ठरली असती. राहण्या-जेवणाचा खर्च वाचतो, तो हिशेबात अवश्य धरा. मात्र खाणीवर जाण्या-येण्याचे दिवस तुमच्या सुटीतून जाणार की पाळीत मोजले जाणार, हेही विचारून घ्या. माझ्या ओळखीच्या अनेकांनी हा प्रश्न रुजू झाल्यावर विचारला आणि तोवर उशीर झालेला होता.

आता मूळ मुद्दा. इतक्या वर्षांत मी जे पाहिले त्यावरून माझे ठाम मत असे आहे की सर्वेक्षकाचा पगार प्रामुख्याने त्याच्या सहीवर ठरतो. टोटल स्टेशन उत्तम चालवणारा माणूस आणि खाणीच्या नकाशावर 'हा नकाशा बरोबर आहे' अशी सही करणारा माणूस, या दोघांच्या वेतनातली दरी इतर सगळ्या कारणांनी पडणाऱ्या फरकापेक्षा मोठी असते. ही सही करण्याचा अधिकार बहुतेक खाणप्रधान देशांत कायद्याने ठरवलेला आहे. भारतात खाण सुरक्षा महानिदेशालयाचे सर्वेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र लागते, दक्षिण आफ्रिकेत खाण सर्वेक्षकासाठी सरकारी सक्षमता प्रमाणपत्र आहे आणि जर्मनीत 'मार्कशायडर' हा तर स्वतंत्र मान्यता असलेला जुना व्यवसाय आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात अधिकृत खाण सर्वेक्षकाच्या दोन श्रेणी असून भूमिगत खाणीसाठी वरची श्रेणी लागते. परीक्षा आणि पात्रता देशोदेशी वेगळ्या आहेत, पण तत्त्व एकच आहे : प्रमाणपत्र नसलेला माणूस मापे घेऊ शकतो, त्या मापांची कायदेशीर जबाबदारी घेऊ शकत नाही.

या जबाबदारीचे मोल का आहे, हे सांगण्यासाठी एकच घटना पुरेशी आहे. २४ जुलै २००२ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात क्यूक्रीक येथील कोळसा खाणीत काम चालू असताना शेजारच्या बंद पडलेल्या, पाण्याने भरलेल्या सॅक्समन खाणीला भगदाड पडले. कामगारांच्या हाती असलेल्या नकाशानुसार ती जुनी खाण बरीच लांब असायला हवी होती. जुन्या खाणीतले शेवटचे काम दाखवणारा नकाशा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. नऊ जण सत्त्याहत्तर तासांहून अधिक काळ आत अडकले आणि सुदैवाने सगळे जिवंत वर आले. मार्च १९७३ मध्ये इंग्लंडमधील लॉफ्टहाउस खाणीत असेच जुन्या कामातले पाणी फुटले, तेव्हा मात्र सात जणांचा जीव गेला. सर्वेक्षकाने काढलेली रेषा कोणीतरी तीस वर्षांनी डोळे झाकून खरी मानणार असते, आणि म्हणूनच ती काढणाऱ्याला जास्त वेतन द्यावे लागते.

भूमिगत आणि उघड्या खाणीतल्या वेतनातला फरक केवळ धोका आणि अंधार यांमुळे पडतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. उष्णता, खोली, आत-बाहेर करण्यात जाणारा वेळ यांसाठी भत्ता मिळतो हे बरोबर. परंतु खाली उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही आणि स्वतःची चूक पकडण्याचे मार्ग फार थोडे उरतात, हे अधिक महत्त्वाचे कारण आहे. उदाहरणादाखल, जमिनीवरची दिशा शाफ्टमधून, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवरातून, खाली उतरवण्याची जुनी पद्धत घ्या. शाफ्टमध्ये दोन तारा सोडायच्या, त्यांच्या टोकांची वजने तेलाच्या बादल्यांत बुडवून ठेवायची, हवेचा झोत कमी करायचा आणि तारा स्थिर होईपर्यंत वाट पाहायची. समजा दोन तारांत तीन मीटर अंतर आहे आणि त्यांपैकी एकीच्या जागेत बाजूला एक मिलिमीटरची चूक झाली. तेवढ्याने दिशा कोनाच्या मापात सुमारे ६९ सेकंदांनी फिरते आणि तेथून दोन किलोमीटर बोगदा नेला की टोक सुमारे ६७ सेंटीमीटर सरकलेले असते. आज उत्तर दिशा स्वतःच शोधणारा जायरोथिओडोलाइट आहे, पण तो कधी वापरायचा आणि त्याने दिलेले उत्तर संशयास्पद कधी मानायचे, हे माणसालाच कळावे लागते.

मी पहिल्यांदा दोन बाजूंनी येणारी गॅलरी (खाणीतला आडवा बोगदा) जुळवली, तेव्हा आदल्या रात्री संपूर्ण ट्रॅव्हर्स, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या मोजमापाच्या रेषांची साखळी, पुन्हा मोजला होता. शेवटचा स्फोट होऊन धूर निवळल्यावर समोरच्या भोकातून पलीकडच्या चमूचे दिवे दिसले आणि दोन्ही मध्यरेषांतला फरक चार सेंटीमीटर भरला. त्यानंतरच्या वेतनवाढीच्या वेळी माझ्या वरिष्ठांनी कागदावर फक्त त्या जुळणीचा उल्लेख केला होता. हे काम ज्याला जमते त्याची किंमत होते, रेखांश. तुमच्या दोन प्रस्तावांपैकी प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी ग्राह्य धरला जाणारा अनुभव कोणता देतो, हे मी पगाराच्याही आधी पाहीन.

प्रतिसाद : घनमीटर

ओळंबा यांनी भूमिगत बाजू इतकी चांगली मांडली आहे की मी तिकडे जात नाही. मी चौदा वर्षे उघड्या खाणींत आहे, त्यांतली नऊ कंत्राटदाराच्या बाजूने आणि पाच खाणमालकाच्या बाजूने, आणि या दोन बाजूंचे वेतन वेगवेगळ्या कारणांनी वाढते, एवढेच मला सांगायचे आहे.

उघड्या खाणीत सर्वेक्षकाचे काम शेवटी घनमीटरांवर येऊन थांबते. वरचा माती-दगडाचा थर किती काढला, खनिज किती काढले, ढिगात किती शिल्लक आहे, हे महिनाअखेरीस मोजले जाते आणि त्या आकड्यावर कंत्राटदाराचे बिल निघते. ढिगाचा पाया वीस हजार चौरस मीटर असेल आणि पायाची पातळी दहा सेंटीमीटरने चुकली, तर हिशेबात दोन हजार घनमीटरांचा घोळ होतो. मालकाकडच्या सर्वेक्षकाला हा घोळ शोधण्यासाठी वेतन मिळते आणि कंत्राटदाराच्या सर्वेक्षकाला आपले एकही घनमीटर सुटू नये यासाठी. दोन्ही कामे प्रामाणिकपणे करता येतात. मात्र कंत्राटदाराकडे रोख वेतन जास्त असले तरी काम संपले की नोकरीही संपते, आणि भविष्यनिर्वाह, वैद्यकीय संरक्षण, भरपगारी रजा या गोष्टी अनेकदा पातळ असतात. मालकाच्या कायम सेवेत आकडा लहान दिसतो, पण त्याच्यामागे या न दिसणाऱ्या रकमा उभ्या असतात.

एका गोष्टीविषयी मात्र मला पोटतिडकीने सांगायचे आहे. एका खाणीवर माझ्या वेतनाचा मोठा भाग उत्पादनाशी जोडलेल्या बोनसचा होता. ज्या टनांवर बोनस मिळायचा, ते टन मीच मोजत होतो. एका महिन्यात उत्पादन कमी भरले आणि ढिगाच्या खालचा जुना पृष्ठभाग वापरावा, नवा वापरू नये, असे मला सुचवण्यात आले. जुन्या पृष्ठभागानंतर त्या जागेवर भराव टाकलेला होता, त्यामुळे तो भरावही खनिज म्हणून मोजला गेला असता. मी नकार दिला. बोनस तर सगळ्यांचाच गेला, पण ज्या सहकाऱ्यांबरोबर रोज जेवायला बसायचो ते पुढे कित्येक आठवडे माझ्याशी नीट बोलत नव्हते, ते मला अधिक लागले. तेव्हापासून मी करारावर सही करण्यापूर्वी सर्वेक्षकाचा बोनस टनांपासून वेगळा करून मागतो. त्याऐवजी सुरक्षिततेशी किंवा अहवाल वेळेवर देण्याशी तो जोडलेला चालतो. टनांशी जोडलेला बोनस देणारा प्रस्ताव कागदावर जितका मोठा दिसतो, तितका तो माझ्या लेखी मोठा नाही.

साधनांविषयी थोडे. ड्रोन आले तेव्हा ते चालवता येणाऱ्याला काही वर्षे वेगळा भाव होता. आता ते चालवणे ही किमान अपेक्षा झाली आहे. ज्याला बिंदुमेघातून, म्हणजे मोजलेल्या असंख्य बिंदूंच्या संचातून, झाडे, यंत्रे आणि धूळ बाजूला काढून खरा पृष्ठभाग मिळवता येतो, जमिनीवरच्या तपासबिंदूंशी तो ताडून पाहता येतो आणि सर्पॅक, डेसविक किंवा व्हल्कन अशा खाण नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन नियोजन विभागाच्या मॉडेलशी जुळवता येतो, त्याला आजही सहज जास्त मिळते. तुमचे ड्रोनचे काम या टोकापर्यंत नेता आले, तर वाटाघाटीत त्याचा उपयोग होईल.

प्रतिसाद : पायवाट

ओळंबा यांच्या मताला मी थोडी पुरवणी जोडू इच्छिते, आणि काही अंशी मतभेदही नोंदवते. सहीचा अधिकार मिळाला की वेतनात मोठी उडी येते, हे मान्य. परंतु त्यानंतर अनेकांचा आलेख आडवा होतो, कारण एका खाणीला मुख्य सर्वेक्षक एकच लागतो आणि ती खुर्ची दहा-पंधरा वर्षे रिकामी होत नाही. माझ्याबरोबरच्या ज्या सर्वेक्षकांचे वेतन चाळिशीनंतरही वाढत राहिले, त्यांनी सर्वेक्षणाला दुसरे काहीतरी जोडले होते. कोणी खाण नियोजनात गेले, कोणी उतारांच्या स्थैर्याच्या निरीक्षणात, जेथे रडार आणि भिंतीवर बसवलेल्या परावर्तक प्रिझमच्या नोंदींवरून डोंगराएवढी भिंत किती मिलिमीटर सरकते आहे हे पाहून माणसे आणि यंत्रे वेळेवर मागे घेतली जातात. मी स्वतः या शेवटच्या कामात आहे. पदवी आणि पदविका यांतला फरक सुरुवातीच्या वेतनात फारसा जाणवत नाही. तो अशा वेळी, विभाग बदलताना जाणवतो. म्हणून नोकरी करता करता पदवी पूर्ण करता आली, तर करावी.

दुसरी गोष्ट खनिजाच्या भावाची. आपण कितीही कुशल असलो तरी आपले वेतन त्या खनिजाच्या भावाबरोबर वर-खाली होते. लोहखनिजाचा भाव २०११ मध्ये शिखरावर होता आणि २०१५ च्या अखेरीस तो त्याच्या पाव भागाच्याही खाली आला. तेजीच्या काळात दुर्गम खाणींवर सर्वेक्षक मिळत नसल्यामुळे वाटेल ते वेतन देऊ केले जात होते. मंदी आली तेव्हा सर्वांत आधी शोधमोहिमा आणि विस्ताराची कामे थांबली आणि त्यांवरचे कंत्राटी सर्वेक्षक घरी गेले. चालू उत्पादनावरच्या सर्वेक्षकांना मात्र कायद्यानेच ठेवावे लागत असल्यामुळे त्यांच्या नोकऱ्या बऱ्याच अंशी टिकल्या. त्यामुळे कोणते खनिज, खाणीचे उरलेले आयुष्य किती आणि तुमचे पद उत्पादनाशी बांधलेले आहे की विस्ताराशी, या तीन प्रश्नांची उत्तरे वेतनाच्या आकड्याइतकीच मोलाची आहेत.

दुर्गमतेसाठी जे जास्त पैसे मिळतात, त्यांविषयी एवढेच म्हणेन की ते घरापासून दूर राहिलेल्या दिवसांचे असतात आणि ते दिवस एकट्या तुमच्या नसतात. घरच्यांशी बोलून ठरवा.

रेखांश

आपणा तिघांचेही मनापासून आभार. ओळंबा यांनी सांगितल्याप्रमाणे मी हिशेब पुन्हा केला. वसाहतीतले राहणे-जेवण धरले तर दुसरा प्रस्ताव तासाच्या दरात पहिल्याच्या किंचित पुढे जातो, परंतु चौकशी केल्यावर असे कळले की प्रवासाचा जातानाचा एक आणि येतानाचा एक दिवस माझ्या सुटीतून जाणार आहे. म्हणजे सात दिवसांची सुटी प्रत्यक्षात पाचच दिवसांची उरते. बोनसचे कलमही मी पाहिले. पहिल्या प्रस्तावात तो नाही आणि दुसऱ्यात तो बोगद्याच्या मीटरांशी जोडलेला आहे.

तरीही मन भूमिगत कामाकडे ओढ घेते आहे, कारण वरच्या श्रेणीच्या प्रमाणपत्रासाठी तो अनुभव लागणार. उघड्या खाणीत दोन वर्षे काढून मग खाली गेलो, तर ती दोन वर्षे वाया जातील का? आणि कंत्राटदाराकडे माझ्या कामावर देखरेख कोण ठेवणार, हे मला अजून नीट समजलेले नाही.

प्रतिसाद : ओळंबा

दोन वर्षे वाया जाणार नाहीत. घनमीटर म्हणतात ते आकारमानाचे काम आणि नियोजनाचे सॉफ्टवेअर तुम्ही तेथे पक्के शिकाल आणि भूमिगत खाणीतही महिनाअखेर असतेच. मात्र प्रमाणपत्रासाठी अनुभवाच्या कोणत्या प्रकाराचे किती महिने मोजले जातात, हे तुम्ही ज्या देशात परीक्षा देणार तेथील नियमांतून आधी तपासा, कारण काही ठिकाणी उघड्या खाणीतला अनुभव भूमिगत श्रेणीसाठी धरलाच जात नाही.

देखरेखीचा तुमचा प्रश्न मला सर्वांत योग्य वाटला. कंत्राटदाराला थेट विचारा की या कामाच्या नकाशावर सही कोणाची असते, ती व्यक्ती खाणीवर किती दिवस उपस्थित असते आणि मुख्य ट्रॅव्हर्सची स्वतंत्र फेरतपासणी शेवटची केव्हा झाली. सही करणारा महिन्यातून एकदा येऊन कागद पाहून जात असेल, तर बाकीचे दिवस त्या सहीचे ओझे बिनप्रमाणपत्राच्या माणसाच्या, म्हणजे तुमच्या खांद्यावर राहील आणि त्याचे वेतन तुम्हाला मिळणार नाही. तो रोज खाणीत उतरणारा असेल आणि तुमचे फील्डबुक ओळीने ओळ तपासणारा असेल, तर तासाचा दर थोडा कमी असला तरी मी स्वतः तेथे गेलो असतो. मीटरांशी जोडलेल्या बोनसऐवजी तेवढीच रक्कम ठरावीक भत्ता म्हणून मागून पाहा. उत्तर काय येते ते येथे जरूर कळवा.